जाळीतला दिवा: फेलिंग १८१२ ते वॉल्सएंड १८३५

२५ मे १८१२, सकाळचे साडेअकरा. इंग्लंडच्या ईशान्येला, टाइन नदीकाठच्या गेट्सहेडजवळ फेलिंगच्या कोळसा खाणीत पाळी बदलायची वेळ झाली होती. तेवढ्यात जमीन हादरली. खाणीच्या जॉन पिट आणि विल्यम पिट या दोन्ही शाफ्टांतून, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विवरांतून, धूर, लाकडाचे तुकडे आणि कोळशाची भुकटी वर उसळली. ही भुकटी इतकी होती, की शेजारच्या ह्यूअर्थ गावात भरदिवसा तिन्हीसांज झाल्यासारखं वाटलं आणि रस्त्यावर बसलेल्या थरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं उमटली.

खाली १२१ जण होते. ३२ जणांना वर काढता आलं, त्यांतले तिघं नंतर दगावले. मेलेल्यांचा आकडा ९२ झाला. त्यात आठ-आठ वर्षांची मुलं होती. हवेचा प्रवाह वळवण्यासाठी खाणीत लाकडी दारं असत. कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं, यासाठी अंधारात दिवसभर बसलेलं पोर लागे. आत आग धुमसत होती, ती विझवायची तर हवा तोडायला हवी, म्हणून शाफ्टची तोंडं बुजवायचं ठरलं. बाहेर जमलेल्या बायाबापड्यांनी ‘हा खून आहे’ म्हणून आक्रोश केला, कारण आत कोणी जिवंत नाही हे त्यांना कोण सांगणार? खाण पुन्हा उघडली ती ८ जुलैला. प्रेतं काढायचं काम सप्टेंबरपर्यंत चाललं. एक प्रेत शेवटपर्यंत मिळालं नाही.

एवढे तपशील आज आपल्याला ठाऊक आहेत ते तिथल्या धर्मोपदेशकामुळे. जॉन हॉजसन हे जॅरो आणि ह्यूअर्थचे पाद्री. या सगळ्यांना मूठमाती देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी अपघाताची हकीकत, खाणीचा नकाशा आणि मृतांची नावं छापून प्रसिद्ध केली. आज यात विशेष काही वाटणार नाही, पण त्या भागातला रिवाज उलटा होता. १७६७ मध्ये न्यूकॅसलच्या एका वर्तमानपत्रानं सरळ छापलं होतं, की अशा गोष्टींची विशेष दखल घेऊ नये अशी आम्हाला विनंती झाली आहे, तेव्हा आम्ही हा विषय इथेच सोडतो. विनंती कोणी केली असेल, हे वाचणाऱ्याला कळत होतंच. खाणीत मेलेल्यांची रीतसर मरणचौकशी करण्याची पद्धतही तिथे नव्हती. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे आकड्यांकडे येऊ तेव्हा ती लागेल.

उजेड हवा आणि आग नको

कोळशाच्या थरात मिथेन अडकलेला असतो. तिथले मजूर त्याला ‘फायरडँप’ म्हणत. थर फोडला की तो झिरपतो, कधी एखाद्या भेगेतून फुसफुसत जोरात बाहेर पडतो. हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताशी साठतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं की ठिणगी पुरते. त्याखाली तो स्फोट करत नाही, त्यावर गेला तर जळायला ऑक्सिजनच पुरत नाही. स्फोट झाल्यावर जो वायू उरतो त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि भडक्यातून वाचलेल्यांपैकी कित्येकांचा जीव त्यानं घेतला.

आणि काम कशाच्या उजेडात? चरबीच्या उघड्या मेणबत्तीच्या.

लोक हातावर हात धरून बसले नव्हते. पूर्वी काही खाणींत पाळी सुरू होण्याआधी एक माणूस ओल्या गोणपाटात गुंडाळून आत सोडत. तो जमिनीवर सरपटत जाई आणि लांब काठीच्या टोकाला लावलेल्या पेटत्या मेणबत्तीनं छताशी साठलेला वायू मुद्दाम पेटवून देई. सडक्या माशांच्या अंगावरच्या फिक्या चकाकीतही काम करून पाहिलं गेलं. व्हाइटहेवनच्या कार्लाइल स्पेडिंग यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात एक यंत्र काढलं. एका पोरानं हँडल फिरवायचं, पोलादी चकती गरगर फिरणार, तिच्यावर गारगोटी धरायची, आणि ठिणग्यांच्या फवाऱ्यात शेजारच्यानं कोळसा फोडायचा. ठिणगीनं वायू पेटत नाही, असा समज होता. १७८५ मध्ये न्यूकॅसलजवळच्या वॉल्सएंड खाणीत अशाच यंत्राच्या ठिणगीनं स्फोट झाला आणि तो समज संपला. यंत्र मात्र संपलं नाही. मेणबत्तीपेक्षा ते कमी वाईट, एवढ्यावर ते पुढे कित्येक वर्षं चाललं.

फेलिंगनंतर १८१३ मध्ये सुंदरलँडला खाणींतले अपघात टाळण्यासाठी एक मंडळ स्थापन झालं. त्याच गावातले डॉक्टर विल्यम रीड क्लॅनी यांनी त्या वर्षी आपला दिवा लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे मांडला. त्यात ज्योत बंद पेटीत होती, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा पाण्यातून जाई, आणि हवा पुरवायला भाता मारावा लागे. म्हणजे एका दिव्यामागे भाता मारणारा एक माणूस. विचार योग्य होता: ज्योत आणि खाणीतली हवा यांच्यात काहीतरी आड असलं पाहिजे. पण कुदळ मारणाऱ्या माणसाला हे ओझं परवडणारं नव्हतं.

एकाच हिवाळ्यात दोन दिवे

मंडळाच्या वतीनं रॉबर्ट ग्रे यांनी हंफ्री डेव्हींना पत्र घातलं. डेव्ही तेव्हा युरोपातले नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. ऑगस्ट १८१५ मध्ये ते न्यूकॅसल भागात आले, हॉजसनना भेटले, आणि वॉल्सएंड खाणीचे मुख्य व्यवस्थापक जॉन बडल यांच्याकडून सगळं समजून घेतलं. बडल हे त्या प्रदेशातले खाणविद्येतले सगळ्यात जाणते गृहस्थ. या माणसाचं आणि या खाणीचं नाव विसरू नका.

डेव्ही लंडनला परतले. हेबर्न खाणीतला वायू हॉजसननी बाटल्यांत भरून त्यांच्याकडे पाठवला. मदतीला मायकेल फॅरेडे नावाचा तरुण सहायक होता. डेव्हींनी दिवा बनवण्याआधी वायू समजून घेतला, आणि मला या प्रकरणातला हा भाग फार आवडतो. हा वायू पेटायला इतर ज्वालाग्राही वायूंपेक्षा जास्त उष्णता लागते, आणि स्फोटाची ज्वाला बारीक धातूच्या नळीतून पलीकडे जात नाही, हे त्यांना आढळलं. ९ नोव्हेंबर १८१५ ला त्यांनी हे रॉयल सोसायटीपुढे वाचलं. डिसेंबरपर्यंत नळ्यांची जागा तारेच्या जाळीनं घेतली. जाळी म्हणजे तरी काय, अगदी आखूड अशा शेकडो नळ्या शेजारी-शेजारी.

शाळेच्या प्रयोगशाळेत तिवईवर ठेवायची तारेची जाळी ज्यांनी हाताळली आहे, त्यांनी हे पाहिलेलं असेल. बर्नरच्या ज्योतीत जाळी आडवी धरली की ज्योत जाळीखालीच थांबते. वायू भोकांतून वर येतो, पण तारा त्याची उष्णता इतक्या झपाट्यानं ओढून घेतात की वर आलेला वायू पेटण्याइतका तापलेलाच राहत नाही. मिथेनला त्यासाठी ५०० अंश सेल्सिअसच्याही बरंच वर जावं लागतं. डेव्हींच्या जाळीत इंचाला २८ तारा होत्या, म्हणजे चौरस इंचाला ७८४ भोकं. त्या जाळीचं नळकांडं तेलाच्या छोट्या दिव्यावर बसवलं की झालं. त्यात काच नव्हती, भाता नव्हता, पाणीही नव्हतं.

९ जानेवारी १८१६ ला हा दिवा हेबर्नच्या खाणीत उतरला. घेऊन गेले हॉजसन स्वतः. त्यांची एक गोष्ट सांगतात. आत एकटाच काम करत असलेल्या मजुराला काहीच कल्पना दिलेली नव्हती. वायू भरलेल्या बोगद्यातून उघडा दिवा आपल्याकडे येतोय असं पाहून तो ओरडायला लागला, दिवा विझवा म्हणून. दिवा जवळ येत गेला, तसा त्याच्या जाळीत वायू जळत होता आणि बाहेर काहीच होत नव्हतं.

इकडे न्यूकॅसलच्या उत्तरेला किलिंगवर्थ खाणीत जॉर्ज स्टीफन्सन यंत्रांची देखभाल करत होते. अठरा वर्षांचे होईपर्यंत त्यांना वाचता येत नव्हतं. रेल्वे इंजिनाचे जनक ही ओळख नंतरची. वायूच्या भेगांपाशी मेणबत्त्या धरून ते स्वतःच्या पद्धतीनं प्रयोग करत आले होते. २१ ऑक्टोबर १८१५ ला, म्हणजे डेव्हींच्या निबंधाच्या आधी, निकोलस वुड आणि जॉन मूडी यांना घेऊन ते आपल्या पहिल्या दिव्यासह खाणीत शिरले. वायू सुटत होता त्या जागी सोबतचे दोघं मागे थांबले. स्टीफन्सन पेटता दिवा पुढे धरून एकटे गेले. स्फोट झाला नाही, दिवा विझला.

त्यांचा सिद्धांत चुकीचा होता. त्यांना वाटत होतं, की बारीक वाटेनं हवा पुरेशा वेगानं आत येत असेल तर ज्योत तिच्याविरुद्ध बाहेर येऊ शकणार नाही, आणि वर साठलेली ‘जळकी हवा’ ज्योतीला दाबून ठेवेल. दिवा मात्र चालत होता. नोव्हेंबरअखेर त्यांनी आत हवा घेणाऱ्या नळ्यांऐवजी भोकं पाडलेला पत्रा वापरला, वर काचेची चिमणी होतीच, आणि ५ डिसेंबरला न्यूकॅसलच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे तो दाखवला. एक जण कारण शोधून उपायाकडे आला, दुसरा उपायाला चाचपडत कारणाच्या उंबरठ्यापर्यंत. पोचले दोघं साधारण एकाच ठिकाणी.

पुढचं भांडण अपेक्षेप्रमाणेच झालं, त्यात मी फार शिरत नाही. खाणमालकांनी डेव्हींना २,००० पौंडांच्या घरात मोलाची चांदीची भांडी दिली आणि स्टीफन्सनना १०० गिनी (एक गिनी म्हणजे पौंडाहून थोडं जास्त). हे पाहून स्थानिक लोक खवळले आणि त्यांनी वर्गणी काढून स्टीफन्सनना १,००० पौंड दिले. डेव्हींना वाटलं, या माणसानं माझी कल्पना चोरली. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स आणि रसायनशास्त्रज्ञ वुलस्टन यांच्यासारखी बडी मंडळी त्यांच्या बाजूनं सह्या करून उभी राहिली. ज्याला लिहिताना अडखळायला होतं आणि जो ठेठ गावठी बोलीत बोलतो, त्यानं हे स्वतः शोधलं असेल, हे लंडनच्या गळी उतरेना. एक गोष्ट मात्र डेव्हींच्या पदरात टाकायलाच हवी: पेटंट घ्या, वर्षाला हजारो पौंड मिळतील, असं बडल यांनी सुचवूनही त्यांनी ते घेतलं नाही. दिवा कोणीही बनवावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

दिवा आला, मग काय झालं

दिवा झपाट्यानं पसरला. मग आकडे पाहा. १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं खाणींतल्या अपघातांची चौकशी केली. नॉर्थंबरलँड आणि डरहॅम परगण्यांत दिवा येण्याआधीच्या १८ वर्षांत ४४७ माणसं मेली होती. दिवा आल्यानंतरच्या १८ वर्षांत मेली ५३८.

हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘दिव्यानं माणसं मारली’ असं लिहिणारे बरेच सापडतात. तसं म्हणण्याआधी थोडं थांबायला हवं. या काळात खाणी वाढल्या, माणसंही वाढली, त्यामुळे माणसामागे मृत्यूचं प्रमाण किती बदललं ते या आकड्यांतून दिसत नाही. शिवाय आधीच्या काळातले मृत्यू नीट मोजलेलेच नव्हते. मरणचौकशी होत नव्हती, वर्तमानपत्रं गप्प होती, आणि मोजायला सुरुवात झाली तीच हॉजसन आणि सुंदरलँडच्या मंडळानंतर. पहिला खरा आकडा याहून मोठा असणार.

तरीही दिव्यानं जे करायला हवं होतं ते झालं नाही, हे या आकड्यांवरून कोणालाही कळेल. जाळी तर काम करत होती. मग चुकलं कुठे?

उत्तर खांबांत आहे. त्या काळी कोळसा काढताना छत तोलून धरायला कोळशाचेच जाड खांब सोडत. थरातला बराच माल अशा खांबांत अडकून पडे. ते काढायला गेलं की छत खचतं, पोकळी होते आणि पोकळीत वायू साठतो. मेणबत्ती घेऊन तिथे कोणी जात नसे, म्हणून खांब तसेच राहत. काही जुन्या खाणी केवळ वायूमुळे बंद पडल्या होत्या. दिवा आला आणि हे सगळं पुन्हा उघडलं. खांब काढता येऊ लागले, सोडून दिलेले थर चालू झाले, आणखी खोल उतरता आलं. बडल यांच्यासारख्या जाणकारांनी दिव्याचं मोल मोजलं ते याही हिशेबात. पूर्वी ज्या जागी वायू आहे म्हणून जायचं नाही असा नियम होता, त्या जागी आता वायू आहे म्हणून दिवा घेऊन जायचं, असा नियम झाला.

माझ्या मते सगळं प्रकरण या एका बदलात आहे. डेव्हींच्या दिव्यात वायू आला की ज्योत लांब होते, तिच्यावर निळसर टोपी चढते, मग सगळं नळकांडं निळ्या ज्वाळेनं भरतं. हा दिवा बोलतो. तो सांगतो, इथे वायू आहे, बाहेर पडा. खाणीनं तो ऐकला तो ‘इथे वायू आहे, पण चालू द्या’ असा. वायू किती आहे ते दाखवणारं साधन वायूत काम करण्याचा परवाना ठरलं. आणि हवा खेळती ठेवण्याचा खर्च, म्हणजे आणखी शाफ्ट, हवा ओढून घेणारी मोठी भट्टी, चांगले पडदे आणि दारं, हा पुढे ढकलता आला. तीन-चार दारं लावण्यापेक्षा शंभर दिवे स्वस्त.

दिव्याच्या अंगच्या खोडीही होत्याच. उजेड मेणबत्तीच्या मानानं फार थोडा. मजुरी वजनावर, त्यामुळे कमी दिसलं की कमी कोळसा आणि कमी पैसा. मग कोणी जाळी काढून ठेवी, कोणी चिलीम पेटवायला दिवा उघडी. त्यावर दिव्यांना कुलपं आली. दोष सगळा मजुरावर टाकायला ही सवय सोयीची पडली, आणि अपघातांनंतर ‘कोणीतरी दिवा उघडला असणार’ हे वाक्य वारंवार ऐकू येऊ लागलं. पण कमी उजेडात तितकाच कोळसा द्यायचा कसा, हा प्रश्न मजुराला पडायचा तो बिनबुडाचा नव्हता.

जाळी गंजते, एखादी तार तुटते, भोकांत कोळशाची भुकटी बसते. सर्वांत अवघड म्हणजे वारा. प्रवाहाचा वेग सेकंदाला सहा फुटांच्या आसपास गेला की तो ज्योतीला जाळीवर दाबतो, जाळी लाल होते आणि ज्वाला बाहेर पडू शकते. डेव्हींना हे माहीत होतं. जोराच्या प्रवाहात दिव्याला पत्र्याचा आडोसा करा, असं त्यांनी सुचवलं होतं. १८१५ च्या संथ हवेच्या खाणीत ही अडचण क्वचितच येई. पुढे वायुवीजन सुधारत गेलं, तसा प्रवाहाचा वेग वाढला, आणि खाण जितकी चांगली होत गेली तितका उघड्या जाळीचा दिवा वाईट ठरत गेला.

स्टीफन्सनचा दिवा या एका बाबतीत सरस होता. वायू जास्त झाला की तो विझायचा. १८५७ मध्ये बार्न्सलीजवळच्या ओक्स खाणीत एकदम वायू सुटला, तेव्हा दोन्ही प्रकारचे दिवे वापरात होते. डेव्ही दिव्यांच्या जाळ्या तापून लाल झाल्या, स्टीफन्सनचे विझून गेले. अंधारात चाचपडत बाहेर येणं कोणाला आवडत नाही, पण दिवा हातात भडकत असण्यापेक्षा ते बरं.

वॉल्सएंड

१८ जून १८३५. पुन्हा वॉल्सएंड, म्हणजे जिथे वीस वर्षांपूर्वी डेव्हींनी बडल यांच्याकडून खाण समजून घेतली होती ती. इथे १८२१ मध्ये स्फोटात ५२ जण मेले होते. या वेळी १०२ मेले. दिव्याचा पहिला आणि सर्वांत जाणता पुरस्कर्ता ज्या खाणीचा व्यवस्थापक होता, तिथला हा आकडा फेलिंगपेक्षा मोठा होता. बडल बेपर्वा नव्हते. खाणीतल्या हवेचे प्रवाह विभागून खेळवण्याची पद्धत बसवण्यात त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. म्हणूनच हे उदाहरण जास्त टोचतं.

१८३९ मध्ये साउथ शील्ड्सच्या सेंट हिल्डा खाणीत स्फोट झाला, तेव्हा तिथल्या नागरिकांनी स्वतःची समिती नेमली. नुसत्या डेव्ही दिव्यावर विसंबणं धोक्याचं आहे आणि खरा उपाय हवा खेळती ठेवण्यात आहे, असा तिचा निष्कर्ष होता. १८४४ मध्ये हॅसवेलच्या स्फोटाची चौकशी करायला सरकारनं भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांच्यासोबत फॅरेडेंना पाठवलं. डेव्हींच्या शेजारी उभा राहून जाळ्या तपासणारा तो सहायक आता स्वतः खाणीत उतरला. वायू पेटल्यावर उडणारी कोळशाची भुकटीच स्फोटाला बळ देते, असं त्या दोघांनी नोंदवलं. या सूचनेकडे गांभीर्यानं पाहायला खाणव्यवसायाला पुढची कित्येक दशकं लागली.

दिवेही बदलत गेले. क्लॅनींनी खाली काच आणि वर जाळी अशी मांडणी केली. बेल्जियमच्या म्यूसेलर यांनी आत पत्र्याची चिमणी घातली. फ्रान्सच्या मार्सो यांनी एकाआड एक जाळ्या लावून वर पत्र्याचं आवरण चढवलं. १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानं आडोसा नसलेल्या उघड्या डेव्ही दिव्याला खाणीतून बाहेर काढलं. तोवर ७० वर्षं उलटली होती.

विजेचे दिवे टोपीवर आले आणि उजेडासाठी ज्योत लागेनाशी झाली. तरी जाळीचा दिवा गेला नाही. भारतात खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या गॅस टेस्टिंगच्या परीक्षेत तो कित्येक पिढ्यांनी हातात धरला आहे. नागपूर-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातल्या सिरदार-ओव्हरमनना, म्हणजे खाणीत कामावर देखरेख करणाऱ्यांना, तो नवा नाही. वात अगदी बारीक करायची, पिवळा उजेड जवळजवळ संपवायचा आणि डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मग ज्योतीवर चढलेली फिकी निळी टोपी पाहायची. सव्वा टक्क्याच्या आसपास ती जेमतेम दिसते, तीन टक्क्यांना समभुज त्रिकोणासारखी होते. तिच्या उंचीवरून परीक्षार्थी टक्का सांगतो, परीक्षक लिहून घेतो, आणि दिवा बाहेर आणला जातो.